राहिलेल्या गोळ्या

माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं आणि लहानपणी मला त्याचा मनातून आनंद होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणायला होते, पहिल्या पाळीला. दुपारी सुटून घरी आले की मोरीत बसून अंगावर पाणी घ्यायचे, केसांतला कापूस झटकायचे, मी केलेला चहा बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे आणि मग गॅलरीत पाट टाकून हाक मारायचे, "विमे, पेपर हाड गो." ती हाक आली की हातातलं काम टाकून मी पेपर घेऊन धावायची. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. कुठे सभा झाली, कोणाला पकडलं, दिल्लीत कोण काय बोललं, हे सगळं आमच्या मजल्यावरच्या माणसांना ऐकायचं असे, आणि वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. तेव्हा बारा-पंधरा बाप्ये कठड्याला टेकून, उकिडवे बसून विड्या ओढत असायचे आणि मधोमध मी, बारा वर्षांची, परकर सावरून मांडी घालून बसलेली. 'द्वैभाषिक' हा शब्द मी न अडखळता म्हटला त्या दिवशी बाबांनी सगळ्यांकडे वळून बघितलं. "माझी विमी वकील होतली," म्हणाले. मी वकील झाले नाही, पण त्या एका वाक्यावर पुढे कितीतरी दिवस जगले.

मग शालू आजारी पडली. माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची. आधी तिचा घसा धरला होता, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, झालं. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी तिला उठताच येईना. गुडघा सुजून टरटरीत झालेला, हात लावला तर चटका बसावा इतका गरम. दोन दिवसांनी तो उतरला आणि घोट्यात आलं. मग कोपर, मग मनगट. आईची आई असती तर बाहेरचं काही म्हणाली असती, पण बाबांनी शालूला पाठुंगळीला घेतलं आणि थेट परळच्या इस्पितळात नेलं. सांध्यांचा ताप आहे, हृदयावर जायचा धोका आहे, अंथरुणातून उठू द्यायचं नाही, असं तिथे सांगितलं. बरोबर तपकिरी बाटलीत पांढऱ्या गोळ्या दिल्या. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि झोपताना, प्रत्येक वेळी दोन. पोटात काहीतरी घालून मगच, नेमाने. आई गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिला रजा टाकून चालण्यासारखं नव्हतं. म्हणून सातच्या नि झोपतानाच्या गोळ्या आईने द्यायच्या, बाराच्या नि पाचच्या मी. माझ्या शाळेत चिठ्ठी गेली आणि मी घरी बसले.

आमच्या घरात तोवर खाटेवर कोणी झोपलेलं नव्हतं. बाबांनी कुठून तरी लोखंडी खाट आणली आणि वारा लागावा म्हणून दारात, अर्धी खोलीत अर्धी गॅलरीत, अशी टाकली. त्या खाटेवर शालू राणीसारखी. तिच्यासाठी पेल्यात दूध, साय काढून. मोसंबं, तेही बाबांनी स्वतः सोललेलं, बिया काढलेलं. इराण्याकडचा मस्का-पाव, त्यातला मस्का जास्त. आम्हाला कुळथाची पिठी नि भात, आणि तिला त्याच भातावर तूप. तिला संडासला न्यायचं तर बाबा पाठीवर घेऊन अख्खी गॅलरी चालत जायचे आणि ती त्यांच्या मानेला गच्च मिठी मारायची. मला त्यांनी शेवटचं कधी उचललं होतं ते मला आठवेना. एकदा मीही गुडघा धरून बसले, जरा कण्हून बघितलं. आईने तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "चोळ जरा नि भांडी घासूक बस," म्हणाली.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण दिवसभर पडून पडून शालूला पेपरचा नाद लागला. काल-परवाचे पेपर ती उशीखालून काढायची आणि ओठ हलवत वाचत राहायची. एका संध्याकाळी नळावर गर्दी होती, माझी हंडा भरायची पाळी उशिरा आली. हंडा घेऊन वर येते तर गॅलरीत सगळे जमलेले आणि कोणी बोलत नाही, विडीही ओढत नाही. शालू वाचत होती. तिचा आवाज आधीच बारीक, त्यात आजारपणाने अजून क्षीण झालेला, म्हणून ती सगळी दांडगी माणसं पुढे वाकून कान देऊन ऐकत होती. बातमी गोळीबारात पोरगा गमावलेल्या एका बाईची होती. आमच्या शेजारचे धोंडूकाका डोळे पुसत होते. मी वाचत असताना कधी कोणी डोळे पुसले नव्हते. वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "उद्यापासून शालूच वाचू दे. तितकाच तिचा वेळ जाईल. तू तवर चूल पेटव."

मी चूल पेटवली. धूर झाला म्हणून आई ओरडली नाही, डोळे लाल का म्हणून कोणी विचारलं नाही.

आज इतक्या वर्षांनी मी त्या मुलीची बाजू घेणार नाही आणि तिला फार झोडपणारही नाही. एवढंच सांगते की हेवा ही काही अधूनमधून वाटण्याची गोष्ट नसते. तो सकाळी आपल्याबरोबर उठतो, आपल्याबरोबर पाणी भरतो. शालू कण्हली की मला वाटायचं, नाटक करते. हसली की वाटायचं, बघा, काही दुखत नाही हिला. तिने काहीही केलं तरी ते माझ्याविरुद्धच असायचं. आणि तिच्याजवळ दिवसभर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाराच्या गोळ्यांना उशीर झाला की पाचपर्यंत तिची मनगटं भरून येतात आणि तिला हातात काही धरवत नाही.

थोड्याच दिवसांनी असा दिवस आला, की त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पुकारलेला होता. म्हणजे त्या संध्याकाळी पेपर ऐकायला वरच्या मजल्यावरचीसुद्धा माणसं येणार. दुपारी बारा वाजता मी शालूला पेज भरवली. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली. फळीवरची बाटली मी काढली, हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

तीनच्या पुढे तिची चुळबुळ सुरू झाली. चारला घाम. पाच वाजता बाबांनी पेपर तिच्या हातात दिला तर तो तिच्या बोटांतून निसटला. "बाबा, हात दुखतात," ती म्हणाली. बाबांनी मान वर केली. "विमे, ये. तू वाच." मी गेले. पाचच्या गोळ्या तेव्हाच द्यायच्या होत्या, पण आत्ता दिल्या तर तासाभरात तिला उतार पडेल, असा हिशेब माझ्या डोक्यात होता. मी मांडी घालून बसले आणि मोठ्याने, खणखणीत वाचायला लागले. गॅलरी भरलेली होती. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, आणि माझ्या पाठीमागे शालू विव्हळली. ओरडली नाही, तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज. बाबा उठले. "थांब जरा," मला म्हणाले आणि तिच्यापाशी जाऊन बसले. धोंडूकाका वळून खाटेकडे बघू लागले, मग बाकीचेही. मी थांबले नाही. कोणी ऐकत नव्हतं तरी पान संपेपर्यंत वाचत राहिले.

आई आली. "गोळ्यो दिलंस?" तिने विचारलं. "दिल्या," मी म्हणाले. "दोन्ही वेळच्या?" "दोन्ही वेळच्या." गोळ्या देऊनही पोर तळमळते हे बघून शेजारची तारामावशी, धोंडूकाकांची बायको, आपल्या ट्रंकेतून कागदाच्या पुड्या घेऊन आली. तिला अर्धशिशी होती, कोपऱ्यावरच्या दुकानातून ती डोकेदुखीच्या पुड्या आणायची. "अर्धी पुडी दी तिका. लगेच उतार पडात," ती म्हणाली. आईने दिली. झोपताना गोळ्याही दिल्या. शालूला झोप लागली आणि मी टक्क जागी.

बंदच्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाला नाही. गिरण्या बंद, ट्रामचा खडखडाट नाही, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. बाबा आणि चाळीतले सगळे मोर्चाला गेले. सातच्या गोळ्या देऊन आईसुद्धा बायकांबरोबर निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठे कामाशिवाय निघालेली मी बघितली. जाताना म्हणाली, "दुखला तर तारेक हाक मार."

शालूचं दुखणं पुरतं उतरलेलं नव्हतं. कालचं तिचं विव्हळणं माझ्या कानातून जात नव्हतं, आणि दुसरी भीती म्हणजे इस्पितळात परत जायचा दिवस जवळ आला होता. तिथे बाटली बघतात. चार गोळ्या जास्त निघाल्या तर? बाराला मी तिला पेज दिली आणि बाटली उघडली. आजच्या दोन. कालच्या दुपारच्या दोन. कालच्या संध्याकाळच्या दोन. तेवढं दिलं की फिटलं, असं मला मनापासून वाटलं. शालू माझ्या तळहाताकडे बघत राहिली. "एवढ्या?"

"डॉक्टरांनीच सांगितल्यात."

तिने एकेक करून सहाही गिळल्या. मी खाली नळावर गेले तेवढ्यात तारामावशी डोकावली, पोर अजून मनगट धरून बसलीय हे तिने बघितलं आणि दुसरी अर्धी पुडी पाण्यात कालवून पाजली. तिला गोळ्यांचं ठाऊक नव्हतं, मला पुडीचं.

दोन-अडीचच्या सुमाराला शालूने विचारलं, "ताई, भोंगा का थांबत नाही गो?"

"कुठला भोंगा?"

"हा काय. केव्हाचा वाजतोय."

मी कान दिला. काहीही वाजत नव्हतं. गिरणीच्या छपरावर कावळे ओरडत होते तेवढंच. "ताई, मोठ्याने बोल ना," शालू म्हणाली. मी मोठ्यानेच बोलत होते. मग तिला उलटी झाली, परत झाली, आणि ती श्वास घ्यायला लागली. पडल्या जागी, चार जिने धावत चढून आल्यासारखा मोठा मोठा श्वास. अंग तापलेलं, डोळे कुठेतरी भलतीकडे. "तारामावशी!" म्हणून मी ओरडले ते अख्ख्या चाळीने ऐकलं असेल.

मोर्चावरून माणसं परतायला लागली होती म्हणून बरं. बाबा जिना चढून आले, त्यांनी पोरीकडे बघितलं आणि त्यांच्या हातातला झेंडा तिथेच गळून पडला. वाहन एकही नव्हतं. शेवटी धोंडूकाका आणि तिघांनी मिळून खाटच उचलली. "बाटली घे गो, आणि हे कागद पण घे. काय दिलां ता विचारतीत," तारामावशीने माझ्या हातात सगळं कोंबलं. खाट रस्त्याने चालली. घोषणा देत येणारे लोक बाजूला होत गेले, गप्प होत गेले. आई वाटेत भेटली आणि काही न विचारता खाटेला धरून चालू लागली. मी मागे, मुठीत बाटली.

इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे होत आलेले, पांढरा कोट, पायात साध्या चपला. शालूला तपासता तपासताच त्यांनी विचारलं, "काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं?"

"गोळ्यो टायमावर दिल्यो," आई म्हणाली. "आणि ही पुडी. काल अर्धी."

"आज पण अर्धी," तारामावशी मागून म्हणाली. तीही धावत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी पुडीचा कागद उजेडात धरून वाचला. "गोळी नि पुडी, नावं वेगळी आहेत. आत औषध तेच आहे. ते जास्त झालं की कान वाजतात, श्वास असा चढतो." मग त्यांनी परत शालूचा श्वास बघितला. "पण एवढ्याने एवढं होणार नाही. दुपारच्या गोळ्या कोण देतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. मला पळून जावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर येऊन वाकल्या. "मी रागावणार नाही, बाळ. मारणारही कोणी नाही. मला फक्त आकडा पाहिजे. चुकीचा आकडा सांगितलास तर मी चुकीचं औषध देईन."

"सहा," मी म्हणाले. "आज बाराला सहा. काल बाराच्या नि पाचच्या दिल्या नव्हत्या."

"का?"

"विसरले."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या वळल्या. भराभर नर्सना काहीबाही सांगितलं. पोट धुतलं, सलाईन लावलं, गोळ्या बंद केल्या. तासाभराने बाहेर येऊन त्या आईबाबांशी बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. राहिलेलं औषध मागाहून एकदम द्यायचं नसतं, राहिलं ते राहिलं, पुढची वेळ सांभाळायची. मोठ्यांची पुडी मुलांना नाही. एक औषध चालू असताना दुसरं विचारल्याशिवाय नाही. आई खालमानेने म्हणाली, "बाई, मी तिका सांगतय, जरा सोसूक शिक. चेडवाक, बाईच्या जातीक, सोसूक लागताच."

"सोसून सांधा बरा होत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखतंय म्हणाली की दुखतंय. तिच्याशिवाय ते कोणाला कळणार? जास्त द्यायचं नाही, तसं कमीही द्यायचं नाही."

घरी जाताना बाबांनी माझा हात धरला, तो इतका घट्ट की मारलं असतं तर बरं असं मला वाटलं.

शालू वाचली. पुढे कित्येक वर्षं दर महिन्याला तिला सुई घ्यावी लागली, डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून जरा जास्त वेळ ऐकायचे, पण ती शिकली, तिचा संसार झाला, आता तिला नातवंडं आहेत. मागच्या महिन्यात माझ्या नातीचा पाय मुरगळला. सुनेने डॉक्टरांना फोन करून, वजन सांगून औषध विचारलं आणि दिल्याची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. मी विचारलं, "सर्दीचं औषध पण देतेस ना तिला? त्यातही हेच नाही ना?" तिने बाटली फिरवून वाचली आणि म्हणाली, "आई, तुमच्या बरं लक्षात आलं."

पण मला इस्पितळातला तिसरा दिवस सांगायचा आहे. संध्याकाळी भेटायच्या वेळेला आई तांब्या भरायला गेली आणि मी शालूच्या खाटेशी एकटी राहिले. पलीकडच्या खाटेवरचं मूल रडत होतं. मग शालूच म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तू गोळ्या दिल्या नव्हत्यास ते. मी झोपले नव्हते. तू बाटली काढलीस, पण बुचाचा आवाज आला नाही."

"मग सांगितलं का नाहीस? दुखत होतं ना?"

"खूप."

"मग?"

"सांगितलं असतं तर आईने तुला मारलं असतं. मग तू माझ्याशी बोलली नसतीस." तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईबाबा कामावर असतात. दिवसभर मला कोण आहे?"

मला वाटत होतं, घरातलं सगळं तिच्याकडे गेलं. तिला वाटत होतं, आपल्याकडे एवढी एक विमाताई आहे, ती जायला नको. त्यासाठी ती पोर अख्खी दुपार दात चावून पडली होती. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हेवाच. मला हे सुचलं नसतं. नऊ वर्षांची असून ती माझ्यापेक्षा कितीतरी मोठी झाली होती.

मी तिला विचारलं, "आत्ता दुखतंय?"

ती नाही म्हणणार होती. मान हलवायला लागली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"हो," म्हणाली. "गुडघा."

मी उठून नर्सबाईंना सांगायला गेले. त्या लगबगीने माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या, शालूच्या गुडघ्याखाली उशी सरकवली, गरम कापसाने शेकायला लागल्या आणि "माझी गुणाची पोर ती," म्हणाल्या. वॉर्डच्या दारात मी उभी होते. मला ते टोचलं. पण या वेळी मी तिथून हलले नाही.